अनेक धंद्यांचे एक मुखपृष्ठ

कारखान्यांची माहितीपत्रके तुम्ही पाहिलेली आहेत. प्रदर्शनात ती फुकट मिळतात, दुकानांच्या फळीवर गठ्ठ्याने पडलेली असतात, आणि कागद गुळगुळीत व जाड असल्यामुळे पुष्कळदा तुमच्या वह्यांची वेष्टने होऊन त्यांचा शेवट होतो. अशा पत्रकाचे मुखपृष्ठ कसे आखावे, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत. विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु आपल्या हुबळी-धारवाड या जोडशहरात ओतशाळा, लेथ आणि जोडकाम यांवर ज्यांचा चरितार्थ चालतो अशी घरे थोडीथोडकी नाहीत. त्यांनी घडविलेली वस्तू परगावच्या गिऱ्हाइकाच्या हाती पडण्यापूर्वी कितीतरी आधी हे एक पान त्याच्या हाती पडते. ते त्याला कळले नाही तर तो पुढची पाने उलटीत नाही, आणि आत छापलेले खरे गुण न वाचताच राहून जातात.

धारवाडच्या पेढेवाल्याला मुखपृष्ठाची चिंता नाही. पेढा काढावा, त्यावर साखरेचा थर दाखवावा, खाली दुकानाचे नाव घालावे, काम झाले. गिऱ्हाईक कोणीही असो, त्याला हवा असतो पेढाच. अडचण येते ती एकच कारखाना अनेक धंद्यांना माल पुरवीत असेल तेव्हा. त्याच्या गिऱ्हाइकांना एकमेकांची ओळख नसते, एकाची भाषा दुसऱ्यास कळत नाही, आणि प्रत्येकाला मुखपृष्ठावर आपलाच धंदा दिसावा अशी अपेक्षा असते.

याचे उदाहरण आपल्या गावातच आहे. नळमार्गावर बसवावयाच्या झडपा, ज्यांना कारखान्यांत सर्वजण व्हॉल्व्ह म्हणतात, त्या घडविण्याचा धंदा हुबळीत चांगला रुजलेला आहे. नळातून वाहणारे द्रव्य सोडणे, अडविणे, कमीजास्त करणे किंवा उलट फिरू न देणे, एवढेच व्हॉल्व्हचे काम. कोणात पाचरीसारखी फळी वरखाली होते, कोणात तबकडी फिरते, तर कोणात आरपार भोक पाडलेला गोळा असतो. दांडा पाव वळसा फिरविला की भोक नळाला आडवे येते आणि वाट बंद होते. युक्ती साधी आहे, परंतु तिच्यावाचून कोणाचे चालत नाही. बेळगाव जिल्ह्यातील साखर कारखान्यांत उसाचा रस आणि वाफ व्हॉल्व्हमधून जाते. दांडेलीच्या कागद गिरणीत लगदा व रसायने जातात. रायचूरच्या औष्णिक वीजकेंद्रात प्रचंड दाबाची वाफ जाते. मलप्रभेचे पाणी आपल्या घरी येते तेही व्हॉल्व्हमधूनच. गल्लीत लांब किल्ली घेऊन येणारा व्हॉल्व्हमन तुम्ही पाहिला असेल. त्याच्या किल्लीच्या चार वळणांवर कित्येक घरांतील बायकांचा दिवस ठरत असे.

आता अशा एखाद्या कारखान्याचे माहितीपत्रक काढावयाचे आहे. मुखपृष्ठावर काय घालावे?

हाच प्रश्न आम्ही वरच्या वर्गांस चित्रकलेच्या तासाला घातला होता. आलेल्या चित्रांचे ढोबळ तीन प्रकार झाले, आणि ते सांगण्याजोगे आहेत, कारण मोठमोठ्या कारखान्यांच्या पत्रकांतही आम्हांस हेच तीन प्रकार पुनःपुन्हा आढळले.

पहिल्या प्रकारात सर्व काही होते. पानाचे नऊ चौकोन पाडून कोणी एकात उसाची मोळी, दुसऱ्यात कागदाचे रीळ, तिसऱ्यात औषधाची बाटली, चौथ्यात तेलाची विहीर, पाचव्यात आगबोट असे क्रमाने भरले होते. मेहनत पुष्कळ, पण हात लांब करून ते पान पाहिले की ठिपक्यांची रांगोळी तेवढी दिसे. सतरा लुगडी तरी भागूबाई उघडी, अशातली ही गत. शिवाय यात एक सूक्ष्म अपमान आहे. दहाव्या धंद्याचा गिऱ्हाईक ते पान पाहतो तेव्हा त्याला एवढेच कळते की, आपण या यादीत नाही.

दुसऱ्या प्रकारात काहीच नव्हते. पृथ्वीचा गोल, त्याभोवती बाण, दोन हातांचे हस्तांदोलन, उगवता सूर्य, दातेरी चक्र. ही चित्रे कोणत्याही कारखान्याला चालतात आणि म्हणूनच कोणाच्याही उपयोगी पडत नाहीत. विम्याच्या कचेरीचे पत्रक आणि व्हॉल्व्हच्या कारखान्याचे पत्रक यांत जर फक्त नाव बदलावे लागत असेल, तर त्या चित्राने पगार घेतला पण काम केले नाही, असे म्हणावे लागेल.

तिसरा प्रकार कारखान्याच्या थोरवीचा. लांबलचक इमारत, चार धुरांडी, दारात मालमोटारींची रांग. इमारत खरी असेल तर आमची तक्रार नाही. परंतु आठ माणसांच्या शेडला चित्रकाराने चार धुरांडी लावून दिली, तर पहिलाच गिऱ्हाईक भेटीस येईल त्या दिवशी नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा ठरेल. आठ माणसांच्या शेडमध्येही उत्तम माल होऊ शकतो. तो झाकून खोटी धुरांडी कशाला दाखवावी?

एका विद्यार्थिनीचे चित्र मात्र या तिन्हींत बसेना. तिने व्हॉल्व्हमनची किल्ली काढली होती, ती धरलेला एक हात, आणि खाली नळाची एक आडवी रेघ. या चित्राविषयी पुढे बोलू. त्याआधी हाच प्रश्न प्रत्यक्ष व्यवहारात ज्यांना सोडवावा लागला, त्यांच्याकडे वळले पाहिजे.

आपल्या भागात किर्लोस्कर हे नाव माहीत नसलेले घर विरळा. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातला. त्यांना व्हावयाचे होते चित्रकार. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखलही झाले. पण त्यांच्या डोळ्यांस काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे निघाले. रंगांची वाट सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले, आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तंत्रशाळेत तोच विषय शिकवू लागले. इकडे बेळगावात १८८८ साली भावाच्या साथीने सायकलींचे दुकान निघाले होते. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तेथेच तयार होऊ लागले. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जागा दिली, आणि १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. हे बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. कारखान्याच्या विक्रीचे व जाहिरातीचे काम पुढे ज्यांच्याकडे आले ते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हेही चित्रकलेचे विद्यार्थी. लाहोरास पंडित सातवळेकरांच्या हाताखाली ते शिकले होते. नांगराच्या कारखान्याभोवती तीन चित्रकार जमावेत, हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो.

शंकररावांपुढचे काम सोपे नव्हते. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि सुरुवातीचे नांगर बराच काळ पडून राहिले होते. त्यातही कडबा कापण्याचे यंत्र घेणारा निराळा, नांगर घेणारा निराळा, उसाचा चरक घेणारा गुऱ्हाळवाला आणखी निराळा. पुढे १९२६ च्या सुमारास पाणी उपसण्याचे पंप आले, तेव्हा बागाईतदारही गिऱ्हाईक झाला. प्रत्येकास स्वतंत्र पत्रक पाठवावे तर खर्च भारी, आणि सर्वांचे मिळून एक काढावे तर आपल्या नऊ चौकोनांची अडचण उभी.

१९२० साली शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' काढले. उद्देश सरळ व्यापारी होता: कारखान्याच्या मालाची बातमी गिऱ्हाइकांस आणि आडत्यांस द्यावी. म्हणजे दर महिन्याला निघणारे माहितीपत्रकच ते. परंतु त्यात हळूहळू मालाच्या बातमीशेजारी दुसराही मजकूर येऊ लागला: उद्योगाच्या गोष्टी, कथा, समाजसुधारणेवरचे लेख. १९२९ साली नावातील 'खबर' गळून पडले व नुसते 'किर्लोस्कर' राहिले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे आली. ज्या घरात नांगराचा उपयोग कधीच होणार नव्हता अशा घरांतही हे अंक जाऊ लागले.

याचा अर्थ आम्ही असा लावतो. नांगरवाला, गुऱ्हाळवाला आणि बागाईतदार यांना जोडणारा धागा वस्तूंत शोधला तर सापडत नव्हता, कारण वस्तू खरोखरच निराळ्या होत्या. तो धागा माणसांत होता. आपले काम आहे त्याहून चांगले व्हावे, हाताला कमी कष्ट पडावेत, मुलाने बापाच्या पुढे जावे, ही इच्छा तिघांचीही एकच होती. तिला उद्देशून बोलणारे पान तिघांनाही आपले वाटले. नुसती यादी छापणाऱ्या पत्रकाला हे साधले असते असे आम्हांस वाटत नाही.

पुढे हा व्याप शेतीबाहेर गेला. १९४१ साली हरिहरास लेथ बनविणारी म्हैसूर किर्लोस्कर निघाली, १९४६ साली बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना आणि पुण्यास तेल-एंजिनांचा कारखाना निघाला. हरिहरचा कारखाना पुढे बंद पडला, पण एके काळी हुबळीहून दावणगिरीकडे जाणारा प्रवासी तो पाहूनच पुढे जाई. आता 'शेत' हा समान धागाही पुरेसा उरला नव्हता. अशा वेळी मुखपृष्ठावर टिकते ते एक नाव, आणि ते नाव लिहिण्याची एक ठरलेली रीत.

जर्मनीतही असाच प्रश्न आला होता. बर्लिनची ए. ई. जी. ही वीज-कंपनी घरच्या किटलीपासून वीजघरांतील टर्बाईनपर्यंत सर्व बनवीत असे. १९०७ साली तिने पेटर बेरेन्स या चित्रकाराला सल्लागार नेमले. त्याने दिवे आखले, किटल्या आखल्या, पत्रके आखली, १९०९ सालची टर्बाईनची भव्य कार्यशाळाही आखली, आणि कंपनीची तीन अक्षरे मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी घरांत बसवून दिली. किटली घेणाऱ्या गृहिणीला आणि टर्बाईन घेणाऱ्या नगरपालिकेला तीच घरे दिसत. कोणाचाही धंदा चित्रात नसल्यामुळे कोणी वगळला गेला नाही, आणि चित्र तर दुसऱ्या कोणत्याही कंपनीचे नव्हे.

आता आपल्या विद्यार्थिनीच्या चित्राकडे येऊ. किल्ली, हात आणि नळ. व्हॉल्व्ह काय करतो ते येथे एका दृष्टीत कळते, आणि कोणता धंदा हे मात्र कोठेच सांगितलेले नाही. तिची दिशा अगदी बरोबर आहे असे आम्ही वर्गात म्हटले. तरी एका मुलाने हरकत घेतली, आणि ती रास्त होती: तेलशुद्धीच्या कारखान्याचा इंजिनिअर ही किल्ली पाहून म्हणेल, हे तर नगरपालिकेच्या पाण्याचे पत्रक. किल्लीला गल्लीचा वास येतो. तेव्हा चित्रातून एकेक गोष्ट काढून पाहावयाचे ठरले. हात काढला, कारण मोठ्या कारखान्यांत व्हॉल्व्ह हाताने न फिरविता यंत्राने फिरवितात. किल्ली काढली. राहिला नळ, आणि नळात भोक पाडलेला गोळा. फळ्यावर एक वर्तुळ आणि त्यातून जाणारा पट्टा एवढेच उरले. मग त्याच्या शेजारी तेच वर्तुळ पुन्हा काढले, परंतु पट्टा पाव वळसा फिरवून उभा केला. डावीकडे वाट मोकळी, उजवीकडे बंद. बाहेरचा नळाचा पट्टा डावीकडे वर्तुळातून आरपार गेला आणि उजवीकडे वर्तुळाशी येऊन थांबला. रस असो, वाफ असो, तेल असो वा मलप्रभेचे पाणी, प्रत्येकाला आपलेच द्रव्य तेथे दिसावे.

येथे आपल्या कोकणी मुलखाच्या एका चित्रकाराचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. दीनानाथ दलाल हे मूळचे मडगावचे. १९१६ ते १९७१ हा त्यांचा काळ. १९४५ पासून त्यांनी 'दीपावली' हा वार्षिक अंक चालविला आणि मराठी पुस्तकांची असंख्य मुखपृष्ठे रंगविली. तुमच्यापैकी कित्येकांस वाटते की मुखपृष्ठ म्हणजे दलालांसारखे रंगवैभव. कथा-कादंबरीला ते शोभते, कारण तेथे वाचकाला एका जगात ओढून न्यावयाचे असते. व्हॉल्व्ह घेणाऱ्याला कोठेही ओढून न्यावयाचे नाही. त्याला स्वतःच्याच कारखान्यात उभे ठेवून दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

चित्र ठरले, आता अक्षरे. आपल्या गावचा कारखानदार नाव कन्नडात, इंग्रजीत आणि सीमेपलीकडील गिऱ्हाइकासाठी देवनागरीत घालू इच्छितो. आमच्या घरची भाषा कोकणी. ती गोव्यात देवनागरीत व रोमीत, मंगळूरकडे कन्नड लिपीत, केरळात मलयाळम लिपीतही लिहिली गेली. त्यामुळे एकच शब्द निरनिराळ्या पोशाखांत पाहण्याची सवय आम्हांस लहानपणापासून आहे, आणि पोशाख बदलला की अंगलट बदलल्यासारखी दिसते हेही ठाऊक आहे. देवनागरी अक्षरे शिरोरेखेला दोरीवरच्या कपड्यांसारखी लटकतात. वर मात्रा, खाली उकार यांना जागा लागते. कन्नड अक्षरे गोल व सुटी. त्यांची जोडाक्षरे ओळीच्या खाली उतरतात. रोमी मोठी अक्षरे एका उंचीची, वर-खाली काही नसलेली. तिन्ही एकाच मापात जुळविली तर बहुधा रोमी आडदांड आणि देवनागरी बारीक दिसते. म्हणून मापाचा आकडा न पाहता अक्षराच्या मुख्य अंगाची उंची पट्टीने मोजावी आणि ती तिन्हींत सारखी येईल असे माप प्रत्येकाला निराळे घ्यावे. दोन ओळींतील अंतर सर्वांत जास्त जागा मागणाऱ्या लिपीवरून ठरवावे. चौथी ओळ, म्हणजे घोषवाक्य, शक्यतो टाळावी. मुद्रितशोधन ती ती लिपी रोज वाचणाऱ्याकडूनच करवून घ्यावे. छापलेल्या नावातील चुकीची मात्रा गिऱ्हाइकाला मालातील खोटीसारखी खटकते.

रंग दोन पुरेत. तिसरा रंग म्हणजे छपाईचा आणखी खर्च. मात्र रंग निवडताना लक्ष्मणरावांची आठवण ठेवावी. तांबडा व हिरवा यांतील भेद न कळणारी माणसे, विशेषतः पुरुष, आपण समजतो त्याहून पुष्कळ असतात. हा दोष बहुधा आनुवंशिक असतो आणि कित्येकांना तो स्वतःलाही माहीत नसतो. आपल्या चित्रात मोकळी वाट हिरवी आणि बंद वाट तांबडी दाखविण्याचा मोह प्रत्येकाला होईल. आमच्या वर्गात निम्म्या मुलांनी तेच केले. परंतु ज्याला ते दोन्ही रंग सारखेच मातकट दिसतात, त्याला भेद कळणार कशाने? तो आकृतीतच असला पाहिजे: आडवा पट्टा, उभा पट्टा. शिवाय पत्रकाची झेरॉक्स निघते, ती एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाते, आणि खरेदीचा निर्णय पुष्कळदा त्या काळ्या-पांढऱ्या प्रतीवरून होतो. म्हणून आराखडा पुरा झाला की प्रथम त्याची काळी-पांढरी प्रत काढावी, भिंतीवर टाचावी आणि दहा पावले मागे सरून पाहावे. तेवढ्यात काय विकतात ते कळले तर मग रंगांच्या बाटल्या उघडाव्या.

मापाविषयी थोडे. नेहमीचा ए-चार कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटर असतो. त्याला दोन घड्या घालून तीन भाग केले की प्रत्येक पान सुमारे ९९ मिलिमीटर रुंद व २१० उंच येते. आत वळणारे पान एखादा मिलिमीटर कमी ठेवतात, नाही तर घडी फुगते. रंग कडेपर्यंत न्यावयाचा असेल तर छाटणीसाठी चारी बाजूंस ३ मिलिमीटर जास्त रंग सोडावा. नाव घडीवर येऊ देऊ नये. प्रदर्शनातील लाकडी कप्प्यात पत्रक उभे ठेवतात, त्या वेळी खालचा निम्मा भाग झाकला जातो. म्हणून कारखान्याचे नाव वरच्या तिसऱ्या भागात असावे. पत्ता व दूरध्वनी मुखपृष्ठावर नको, शेवटच्या पानावर.

सरावासाठी एक काम देतो. तराजू व वजनकाटे बनविणारा एक कारखाना कल्पा. त्याचे गिऱ्हाईक सराफ, कापसाचा अडत्या, औषधविक्रेता, भंगारवाला आणि पोस्टकचेरी. यांपैकी कोणाचाही धंदा चित्रात न दाखविता, दोन रंगांत, ९९ गुणिले २१० मिलिमीटरच्या पट्टीवर मुखपृष्ठ आखा. काटा काढावयास हरकत नाही, पण न्यायदेवता काढू नये; ती न्यायालयांनी आधीच घेतलेली आहे. सोबत काळी-पांढरी प्रत जोडावी. ज्यांच्या घरी असा एखादा धंदा असेल त्यांनी तराजूऐवजी घरच्या धंद्याचे मुखपृष्ठ केले तरी चालेल. मात्र घरातील वडील माणसांस विचारून गिऱ्हाइकांची यादी प्रथम लिहावी आणि चित्राला नंतर हात घालावा.